ठराव : पाण्याने वर चढावे

सातव्या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डरचा माणूस वारा, उजेड आणि टेकडी दाखवतो. पाण्याविषयी तो काही बोलत नाही आणि घेणाराही विचारत नाही, कारण टाकी त्याच्या डोक्यावरच असते. पंगतीत आचाऱ्याच्या शेजारी बसलेल्याला जिलबी पहिली मिळते, तसं पाणीही पहिलं आपल्यालाच, असा त्याचा हिशेब. मग वास्तुशांत होते, पाहुणे जातात आणि पहिल्या रविवारी तो निवांत अंघोळीसाठी शॉवरखाली उभा राहतो. शॉवरच्या चकतीला शंभरेक भोकं. त्यांतल्या मधल्या सात-आठांतून पाणी येतं, तेही चकतीला चिकटून कडेपर्यंत ओघळतं आणि एकाच धारेने डाव्या खांद्यावर पडतं. उजवा खांदा कोरडा. त्याच वेळी तळमजल्यावर वॉचमनच्या मोरीतला नळ असा सुटलेला असतो की खालची रिकामी बादली फरशीवर सरकत जाते.

आमच्या इमारतीत, तळमजला अधिक सात, हा वार्षिक सभेचा कायमचा विषय आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दाबाच्या दृष्टीने मध्यमवर्गीय. त्यामुळे वरच्यांची कैफियत आणि खालच्यांचा कानावर हात, दोन्ही मला चहा पीत ऐकता येतं.

या वादात पाण्याची बाजू मांडायला कोणी उभं राहत नाही. ती तशी चार ओळींची आहे. नळाला मिळणारा दाब, पाणी थांबलेलं असताना, फक्त एका गोष्टीवर ठरतो : नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत उभी उंची किती. दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो. आमच्या टाकीतली पातळी गच्चीपासून दीड मीटर वर आणि सातव्या मजल्याचा शॉवर गच्चीपासून एक मीटर खाली. एकूण अडीच मीटर, म्हणजे पाव किलो. तळमजल्याला त्यात आणखी सात मजले मिळतात. मजल्याला तीन मीटर धरले तर एकवीस. झाले साडेतेवीस मीटर, म्हणजे दोन किलो पस्तीस. वॉचमनची बादली सरकते ती यामुळे. त्यात त्याचा कोणाशी वशिला नाही.

हे गणित सातवीतल्या मुलाला समजतं. सातव्या मजल्याला समजत नाही. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा, वर 'फ्लोअर राइज'चे पैसे आम्ही जास्त मोजले, मग दाब आम्हालाच कमी का, हा मुद्दा दर वर्षी मांडला जातो आणि दर वर्षी इतिवृत्तात नोंदला जातो. उंचीचे पैसे भरले हे खरं. पण पाण्याच्या हिशेबात उंची नळाच्या वर लागते, नळाच्या खाली नाही.

एका वर्षी पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी तोडगा आणला. दहा हजार लिटरची टाकी काढा, वीस हजारांची बसवा. पाणी दुप्पट, वजन दुप्पट, दाब दुप्पट. त्यांनी फळ्यावर त्रैराशिक मांडून दाखवलं. ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त उंच टाकी खालून बेढब दिसेल म्हणून ती रुंद घ्यावी, अशी सूचना महिला सभासदांकडून आली आणि तीही मंजूर झाली. टाकी आली, नारळ फुटला, आणि सातव्या मजल्याच्या डाव्या खांद्यावर पूर्वीइतकंच पाणी पडू लागलं. फरक एवढाच, की आता ते जास्त वेळ पडतं.

सिमॉन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणित्याने १५८६ सालीच सांगून ठेवलं होतं की भांड्याच्या तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर ठरत नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतो. घागर असो, परात असो की घंगाळ, पाणी एक वीत खोल असेल तर तळाला दाब एका वितीचाच. पुढे फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कालच्या नावावर तर एक प्रयोग सांगतात. काठोकाठ भरलेलं बंद लाकडी पिंप, झाकणात घट्ट बसवलेली दहा मीटर उंच बारीक नळी आणि माडीवरून त्या नळीत ओतलेलं थोडंसं पाणी. पिंपाच्या फळ्या उकलल्या म्हणे. हे घडलं असो वा नसो, गणित चोख आहे. नळीचं भोक चार मिलिमीटरचं असेल तर ती भरायला सव्वाशे मिलिलिटर पाणी पुरतं. आमटीची एक वाटी! तेवढ्याने पिंपाच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा जादा भार येतो. आमच्या वीस हजार लिटरना जे साधलं नाही ते वाटीला साधतं. वाटी तेवढी वर न्यावी लागते.

पास्कालचा विषय निघालाच आहे तर जेसीबीला वगळून पुढे जाणं महाराष्ट्रात बरं दिसणार नाही. बंदिस्त द्रवाला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कालचं म्हणणं तो वारल्यावर १६६३ साली छापून आलं. इंग्लंडातल्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. (हा मूळचा सुतार. त्याआधी १७७८ साली याने सुधारित फ्लशच्या संडासाचं पेटंट मिळवलं होतं. पाण्याच्या दोन्ही टोकांना हात घालणारी अशी माणसं आता होत नाहीत.) लहान दट्ट्याला थोडा जोर लावा, मोठा दट्ट्या त्याच्या कित्येक पट जोर लावेल. मात्र तो सरकेल तितकाच कमी. निसर्ग फुकट काही देत नाही, सोसायटीच्या खजिनदारासारखाच. आपल्याकडे या तत्त्वाचा कळस म्हणजे दादांचा वाढदिवस. जेसीबीच्या नळ्यांतून दोनशे किलोपेक्षा जास्त दाबाचं तेल सिलिंडरात शिरतं, पोलादी हात आकाशात जातो, टनावारी माती उपसू शकणारं बकेट हळूच तिरकं होतं आणि त्यातून झेंडूच्या पाच-सहा किलो पाकळ्या पडतात. बाकीचे दिवस हेच यंत्र रस्ता खणतं, पाइपलाइन फोडतं, आणि ते बघायला चाळीस माणसं कामधंदा टाकून उभी राहतात. फुटलेल्या पाइपातलं कारंजंही अर्थात दाबाचंच प्रात्यक्षिक असतं.

रुंद टाकीचा खर्च विस्मरणात गेल्यावर चेअरमनसाहेबांनी पुढचा प्रस्ताव आणला. आमची मोटर तळघरात आहे आणि पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं. तेव्हा मोटर गच्चीवर न्यावी. भिजणार नाही, चोरीला जाणार नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे खालून पाणी ढकलत बसण्यापेक्षा वरून ओढणं सोपं. "विहिरीतून बादली आपण वरूनच ओढतो की नाही?" त्यांनी विचारलं. सभेला हे पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, वाक्य आवडलं.

अडचण अशी, की पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या पोटातली हवा कमी करतो. खालच्या टाकीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचं ओझं असतं, ते पाण्याला पाइपात वर ढकलतं. ओढण्याचं श्रेय पंप घेतो, काम हवा करते. आणि हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाणी १०.३ मीटरपर्यंत चढवू शकते, त्यापुढे मोटर पाच अश्वशक्तीची लावा की पन्नास, पाणी जागचं हलत नाही. पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे, म्हणून इथली हवा आणखी अर्धा-पाऊण मीटर आधीच हात टेकते. या एका बाबतीत मुंबईकर आपल्यापेक्षा वरचढ आहेत, हे पुण्यातल्या सभेत सांगण्यात अर्थ नसतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच मोटर दम टाकते. आमची गच्ची चोवीस मीटरवर.

इटलीतल्या पंपवाल्यांना हा अनुभव सतराव्या शतकातच आला होता. दहा मीटरच्या आसपास पाणी हट्टाला पेटायचं. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात कारण दिलं की पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटत असावा. ते चुकीचं होतं. प्रत्यक्ष गॅलिलिओ चुकला, तिथे आमच्या चेअरमनना बोल लावणं बरोबर नाही. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ असलेल्या टोरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी त्याच्या साडेतेरा पट जड पारा घेतला, आणि तो काचेच्या नळीत ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबला. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं त्याने लिहून ठेवलं. मग पास्काल म्हणाला, तसं असेल तर डोंगरावर हवा कमी, म्हणजे पाराही कमी चढायला हवा. पास्कालची प्रकृती तोळामासा. तो पॅरिसमध्ये राहिला आणि १९ सप्टेंबर १६४८ रोजी थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोरँ पेरिए यांना त्याने पारा, नळ्या आणि प्रतिष्ठित साक्षीदार देऊन पुई द दोम नावाच्या डोंगरावर चढवलं. पारा सुमारे आठ सेंटिमीटरने उतरला. विज्ञान पुढे गेलं ते ठीक, पण जावयाला काचसामान घेऊन डोंगर चढायला लावणारं हे घराणं मला मोठं विलक्षण वाटतं. आपल्याकडे त्याच जावयाने वर पोचल्यावर 'आम्हाला चहासुद्धा विचारला नाही' म्हणून अख्खा वातावरणीय दाब नाकारला असता.

सभेत मी यातलं काही सांगितलं नाही. चेअरमनच म्हणाले, प्लंबरला बोलवा. तो आला. देशभरच्या कितीतरी प्लंबरांप्रमाणे हाही ओडिशातल्या केंद्रपाड्याकडचा. त्याने गच्चीवर नजर टाकली, जिन्याच्या पोकळीतून खाली पाहिलं आणि म्हणाला, "साब, नहीं होगा." टोरिचेली, पास्काल आणि भावोजी यांना जे सिद्ध करायला पाच वर्षं लागली ते त्याने तीन शब्दांत उरकलं, शिवाय व्हिजिट चार्ज घेतला.

आता आलोच आहे तर लाइन बघतो, असं म्हणून तो गच्चीवरच्या पाइपांमागे लागला. आमची टाकी नैऋत्येला आहे. ती तिथेच हवी होती, कारण वास्तुतज्ज्ञांचा तसा आग्रह. सातव्या मजल्याच्या न्हाणीघरांच्या लाइनी मात्र ईशान्येला उतरतात. मधल्या वाटेत लिफ्टची खोली, सोलरचे पत्रे आणि डिशच्या छत्र्या. त्यामुळे पाइप आधी दक्षिणेला जातो, मग पूर्वेला वळतो, एक पायरी चढतो, उतरतो, पुन्हा वळतो. दर वळणाला एक एल्बो. आणि एल्बो हे फुकटचं वळण नसतं. पाण्याला एका साध्या काटकोनी एल्बोतून जाताना साधारण पाइपाच्या व्यासाच्या तीसपट लांबीच्या सरळ पाइपाइतका त्रास होतो. अर्ध्या इंची पाइपाला पंचेचाळीस सेंटिमीटर. तळमजल्याच्या साडेतेवीस मीटरमधून ही घसट वजा झाली तर त्यांना कळतही नाही. सातव्या मजल्याकडे अडीच मीटरच आहेत. तिथे प्रत्येक वळण पाण्याच्या तोंडचा घास काढून घेतं.

या घसटीचा नीट अभ्यास केला तो आँरी दार्सी या फ्रेंच इंजिनिअरने. त्याने १८४० साली आपल्या दिजाँ शहरात सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी आणलं आणि पुढे पाइपांचे असंख्य प्रयोग केले. पाइप आतून खडबडीत असेल तर नुकसान जास्त, वेग दुप्पट झाला तर ते साधारण चौपट, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे व्यास. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं म्हटलं तर घसट दुप्पट होत नाही, चौपटही नाही. साधारण बत्तीस पट. अर्ध्या इंची लोखंडी पाइपात वीस वर्षांचा गंज साठला की आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. वरून पाइप तसाच दिसतो, रंगही दिलेला असतो. "पाइप एकदम ओके आहे," असं रंग देणाऱ्याने सांगितलेलंही असतं.

खरी मेख मात्र प्लंबरला उभ्या पाइपाजवळ सापडली. टाकीतून खाली उतरणाऱ्या लाइनीला एक पाइप मुद्दाम उलटा वर काढलेला असतो, टाकीच्याही वर, तोंड उघडं. त्यातून पाणी येत नाही, जात नाही. तो हवेसाठी असतो. पाइपात अडकलेली हवा तिथून निसटते. नाहीतर ती उंचवट्यावर दबा धरून बसते आणि अडीच मीटरच्या जोराला काही केल्या हटत नाही. यालाच प्लंबर लोक 'एअर पकडली' म्हणतात. आमच्या त्या पाइपाच्या तोंडाला दुधाची पिशवी लावून वर सुतळीने घट्ट गाठ मारलेली होती. आत कचरा जाऊ नये म्हणून. कोणी बांधली ते उघड झालं नाही. पण दोन गाठींवर तिसरी निरगाठ मारणारा सभासद आमच्याकडे एकच आहे आणि तो सातव्याच मजल्यावर राहतो.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळाने पाणी आणलं, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधले होते, वर उघडे, हवेला मोकळं व्हायला. एवढ्या लांबच्या नळावर कोणी पिशवी बांधली नाही याचं कारण त्या काळी दूध पिशवीतून येत नसे, एवढंच मला सुचतं.

पिशवी काढली. पाइप खोकला, गुरगुरला, दोन वेळा थुंकला आणि सातव्या मजल्याच्या शॉवरच्या तीसेक भोकांतून पाणी सुरू झालं. उजवा खांदा भिजला. त्या घरातून पेढे आले.

त्याआधीची त्यांची धार मी एकदा पाहिली होती आणि तिच्याविषयी थोडा आदर बाळगून होतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक रेघ सोडून बघितली. वेग कमी असताना रेघ सुतासारखी सरळ जाते. एका मर्यादेपलीकडे वाढवला की ती थरथरते, वळवळते आणि सगळ्या पाण्यात विस्कटून जाते. वेग गुणिले व्यास गुणिले घनता भागिले चिकटपणा असा एक आकडा येतो. पाइपात तो दोन हजारांच्या आसपास असेपर्यंत पाणी शिस्तीत, त्यापुढे गोंधळ. ज्याला हे घरी बघायचं असेल त्याने देवापुढे दार-खिडकी लावून उदबत्ती लावावी. धूर वीतभर सरळ चढतो आणि मग एकाएकी भान सुटल्यासारखा गिरक्या घेतो. वेग वाढला, आकडा ओलांडला. घरच्या नळात पाणी सेकंदाला एक मीटर धावत असेल तर हा आकडा पंधरा हजार होतो, म्हणजे आपण सगळे आयुष्यभर गोंधळाच्याच पाण्याने अंघोळ करतो. अर्ध्या इंची पाइपात शिस्त हवी असेल तर धार इतकी बारीक लागते की वीस लिटरची बादली भरायला चौदा-पंधरा मिनिटं जातील. आमच्या इमारतीत हे शास्त्रोक्त, सुशील पाणी फक्त सातव्या मजल्याला मिळत होतं. त्यांनी ते पिशवीबरोबर घालवलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा प्रश्न निराळा. त्यांना पहाटे पाचला भिंतीतून 'धाड' असा आवाज येतो. एकच, पण देवघरातली घंटी हलते. घरात शांत करून झाली, दारावर लिंबू-मिरची लागली, मुलाने 'जुनी इमारत आहे, चालायचंच' म्हणून सांगितलं. आवाज बरोबर पाचला, कारण पाचला मोटर आपोआप बंद होते. मोटर थांबली तरी वर चढणारा पाण्याचा चोवीस मीटरचा खांब लगेच थांबत नाही. तो क्षणभर वर जातो, मग मागे फिरतो, आणि खाली मोटरीजवळ बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उशिरा जागा होऊन त्याच्या तोंडावर दार आपटतो. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी असं एकदम अडवलं तर क्षणभरासाठी चौरस सेंटिमीटरमागे बारा-तेरा किलोचा दाब उसळतो. आमच्या इमारतीच्या पाचपट उंच पाण्याचा खांब उभा राहिल्यासारखा. तो धक्का पाण्यातून सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने पळतो आणि आजींच्या भिंतीत पोचतो. मॉस्कोच्या जलवाहिन्या अशाच फुटत, म्हणून निकोलाय झुकॉव्हस्कीने १८९८ साली याचं गणित बसवलं. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा बदलला तर आवाज जाईल, असं प्लंबरने सांगितलं. आजींनी खर्च विचारला आणि म्हणाल्या, "राहू दे बाबा. गजर लावावा लागत नाही."

अंघोळ चालू असताना स्वयंपाकघरात कोणी नळ उघडला की आतून जी आरोळी येते, "अगं, कोणी पाणी घेतलंय?", तीही शेवटी दार्सीचीच. एकाच अर्ध्या इंची पाइपावर दोन धन्यांची चाकरी आली की पाइपातला वेग वाढतो, घसट वाढते आणि टोकाला राहिलेल्याच्या डोक्यावर साबण तसाच राहतो. उलट स्कूटर धुताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पिचकारी लांब जाते. याचं कारण 'जागा कमी म्हणून वेग जास्त' असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. अंगठ्याने पाणी कमी सुटतं, म्हणून लांब पाइपात ते सावकाश चालतं, वाटेतली घसट वाचते आणि वाचलेला दाब तोंडाशी वेग होऊन बाहेर पडतो. अंगठा जोर देत नाही, काटकसर करतो.

उंची, दाब आणि वेग या तिघांची बेरीज, घसट सोडली तर, कायम राहते; एक वाढला की दुसऱ्याला कमी व्हावं लागतं. हे डॅनिएल बर्नुली या स्विस विद्वानाचं सूत्र. त्याच्या घरात मात्र ही बेरीज कधी जमली नाही. १७३४ साली पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक त्याला आणि त्याच्या वडिलांना, योहान बर्नुलींना, विभागून मिळालं. मुलगा आपल्या बरोबरीला आला याचा वडिलांना इतका संताप आला की त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. १७३८ साली डॅनिएलचा 'हायड्रोडायनॅमिका' आला. मुखपृष्ठावर त्याने स्वतःच्या नावापुढे 'योहानचा मुलगा' असं मुद्दाम छापलं होतं, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात त्या रीतीने. वडिलांचं मन द्रवलं नाही. त्यांनी त्याच विषयावर 'हायड्रॉलिका' लिहिला आणि त्यावर १७३२ हे साल टाकलं, म्हणजे मुलाने बापाचं चोरलं असं दिसावं. या घराण्याची कागदपत्रं आपल्याकडच्या तलाठ्याने पाहिली असती तर त्याला एकही शब्द समजावून सांगावा लागला नसता.

जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळे वाद मिटतात, कारण तेव्हा पुणेकर घरच्या लिटरमधून बाहेर पडून क्युसेकमध्ये जातो. एरवी ज्याला गॅस सिलिंडरचा नंबर पाठ नसतो तो छत्री घेऊन मुठेच्या पुलावर उभा राहतो आणि अनोळखी माणसाला विचारतो, "किती सोडलंय?" "तीस हजार." "संध्याकाळपर्यंत वाढवतील." दोघेही मान डोलावतात. भिडे पूल पाण्याखाली गेला का, हा पुढचा प्रश्न. तो बहुधा गेलेलाच असतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटर, दीड बादलीला थोडं कमी. तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेआठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंच्याऐंशी टँकर, दर सेकंदाला, पायाखालून. तोच माणूस पुढच्या मेमध्ये एका टँकरसाठी फोन कानाला लावून तासभर उभा राहतो आणि टँकर आला की तो पूर्ण भरलेला आहे ना हे बघायला शिडीवर चढतो.

प्रवाहाच्या या सगळ्या नियमांच्या मुळाशी नाव्हिए आणि स्टोक्स यांची समीकरणं आहेत. ती एकोणिसाव्या शतकातच मांडून झाली, पण तिन्ही मितींत त्यांची उत्तरं नेहमी सुरळीत असतात की कुठे तरी बिघडतात, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेने त्यासाठी दहा लाख डॉलर लावले आहेत. आमच्या प्लंबरला मी हे सांगितलं. त्याने टेफलॉन टेपचं टोक दातात धरून ऐकलं आणि विचारलं, "साब, साइट किधर है?"

सातव्या मजल्याचं समाधान तीसेक भोकांवर टिकणारं नव्हतंच. चेअरमनकडून रीतसर परवानगी काढून त्यांनी आपल्या लाइनीवर प्रेशर पंप बसवला. शंभरच्या शंभर भोकं सुरू झाली, उजवा-डावा हा भेदच उरला नाही. त्याच दिवशी सहाव्या मजल्याचा शॉवर बंद पडून आत हवा ओढू लागला, कारण दोघांची लाइन एक आणि पंपाला फक्त आपल्या मालकाचा नळ ठाऊक. सहाव्याने आठवड्यात पंप घेतला. मग पाचव्याने, त्यांच्या त्रैराशिकानुसार दुप्पट ताकदीचा. आता सकाळी सातला सगळी इमारत एका सुरात गुणगुणते आणि विजेच्या बिलावर स्वतंत्र सभा ठरली आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेत तळमजल्यावरच्या काकांचा अर्जही आहे. त्यांच्या नळाला मुळातच दोन किलो पस्तीस दाब. पंप कशाला हवा, असं सेक्रेटरींनी त्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांनी बसवलाय ना? मग आम्हीच का मागे राहायचं?"